पाचशे त्रेसष्टचा चौकोन

एमिल हुडाकने बुटाचं जुनं खोकं बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसला. खोक्यात एकसष्ट सालची बेसबॉलची कार्डं होती. त्यांतली निवडक तो कार्डांची प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवणार होता. तिथली माणसं कार्ड भिंगाखाली धरतात, कोपरे, कडा, छपाई बघतात, दहापैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात.

व्हर्ना कॉफी ओतत होती. खोकं पाहिलं आणि तिचा हात थांबला. माळ्यावरच्या त्या खोक्याला चौसष्ट वर्षं कुणी हात लावला नव्हता, आणि आत काय आहे ते तिला एमिलपेक्षा चांगलं आठवत होतं.

"आजी, एक नंबरचं कार्डच सगळ्यात खराब कसं?" हेझलने विचारलं. व्हर्नाची ही अकरा वर्षांची नात खुर्चीवर गुडघे टेकून खोक्यात डोकावत होती.

व्हर्नाने चौतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं होतं. सरळ उत्तर देणं तिला जमायचंच नाही. "तूच सांग. मुलं कार्डं कशी लावून ठेवत असतील?"

"नंबराप्रमाणे."

"आणि विस्कटू नयेत म्हणून?"

हेझलने कार्डाच्या कडेवरच्या खाचेत नख फिरवलं. "रबरबँड! हे सगळ्यात वर, म्हणून रबर ह्यालाच कापायचं!"

"आणि सगळ्यात खालच्याला. मधली मंडळी सुखात. म्हणून पहिलं आणि शेवटचं चांगल्या अवस्थेत मिळणं मुश्कील."

"आणि पाचशेच्या पुढची एवढीशीच का?"

"ते मी सांगतो," एमिल म्हणाला. "कंपनी सगळी कार्डं एकदम काढायची नाही. वसंतात पहिली खेप, मग थोडी थोडी. शेवटची यायची तेव्हा शाळा सुरू झालेली, पोरं फुटबॉलच्या मागे. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदार ब्रुनरने त्या वर्षी शेवटच्या खेपेचं एकच खोकं मागवलं. छापलीच कमी, घेतलीही कमी."

हेझलने आणखी एक कार्ड उचललं. त्यावर खेळाडू नव्हता, नुसती नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे छोटा चौकोन. बहुतेक चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा.

"हे बाजूला ठेव. खुणा असल्या की गुण जातात," एमिल म्हणाला. "कोरी यादी म्हणजे सोनं. मिळेल कुठून? त्यावर लिहिलेलं, मिळालेल्या कार्डापुढे खूण करा. मोठ्यांचं आम्ही तेवढंच एक ऐकलं."

"पण इथे पुसलंय. पाचशे त्रेसष्ट."

एमिलने कार्ड खिडकीपाशी नेलं. कागद तिथे खरवडलेला होता. "मी नाही पुसलं. इथे खूण होती. त्या खुणेमुळेच तर गॉर्डीची चोरी सापडली!"

"कोण गॉर्डी?"

"गॉर्डी मालर. ब्रुनरच्या पायऱ्यांवर बसून आम्ही कार्डांची बंद पाकिटं फोडायचो, आत कोणतं निघेल नेम नाही. एके दिवशी ह्याच्या हातात पाचशे त्रेसष्ट. माझ्या यादीत खूण, आणि माझ्या खोक्यात कार्ड नाही. म्हटलं, माझं दे. तो म्हणतो, माझ्या पाकिटातून आलं. मग हे," त्याने वाकड्या नाकावर बोट ठेवलं. "त्यानंतर मी खोकं उघडलं नाही आणि त्याच्याशी बोललो नाही."

सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असायचं. एमिल खिडकीशी बसायचा, गॉर्डी भटारखान्याच्या दाराशी, आणि वाढणारे लोक दोघांना रांगेत एकत्र येऊ देत नसत.

व्हर्नाने किटली खाली ठेवली. आत्ता गप्प राहिले तर एमिल ते कार्ड परत खोक्यात टाकेल आणि खोकं माळ्यावर जाईल, हे तिला दिसत होतं.

"एमिल, ती खूण मी केली होती."

"काय?"

"सहा वर्षांची होते. रिकामे चौकोन बघून तू रडकुंडीला यायचास. मला वाटलं, खूण केली की कार्ड येतं." तिने काही लपवलं नाही. "तू नाक फोडून घेऊन घरी आलास तेव्हा घाबरून पुसली."

"चौसष्ट वर्षं, व्हर्ना! आणि पोरांना शाळेत सांगायचीस, खरं बोला!"

"रोज सांगायचे. रोज हेच आठवायचं."

एमिल उठला. टोपी घेतली, यादी खिशात घातली. हा आता माझ्याशीही तेवढीच वर्षं बोलायचा नाही, असं व्हर्नाला वाटलं; आणि तेवढी वर्षं दोघांच्याही पदरात उरली नव्हती.

दारात तो वळला. "शुक्रवार आहे ना? मग चला. आणि बाई, सांगायचं तुम्हीच. मी नुसता मागे उभा राहणार."

हॉलमध्ये व्हर्ना गॉर्डीच्या टेबलापाशी उभी राहून सगळं बोलली, फळ्यासमोर चुकलेल्या मुलीसारखी. गॉर्डी मासा चावत ऐकत होता. शेवटी त्याने तोंड पुसलं.

"ते कार्ड मी दुसऱ्याच दिवशी सायकलच्या चाकाला चिमट्याने लावलं," तो एमिलकडे बघून म्हणाला. "तुझ्या घरावरून रोज फेऱ्या मारल्या. फटफट ऐकू यावी म्हणून. बर्फ पडेपर्यंत त्याची चिंधी झाली."

"ऐकू यायची," एमिल म्हणाला.

"म्हणजे तेही गेलं?" हेझल कळवळली. "आधीच इतकी कमी होती!"

"कमी अशीच होतात, पोरी," गॉर्डी म्हणाला. मग त्याने आपलं ताट सरकवलं. "बस की रे. का नाकाची दुसरी बाजू सरळ करून घ्यायचीय?"

एमिल बसला. व्हर्ना तिघांची ताटं घ्यायला रांगेत गेली. मागे वळून पाहिलं, तर गॉर्डीने ती यादी डोळ्यांशी धरली होती आणि तो विचारत होता, "आणि हे पाचशे एक्केचाळीस? हे तुला कुठे मिळालं? हे तर माझं होतं!"