तिथंच आमचं दार

मी काठवट बोलतेय. जरा हळूच बोलते. दुपारची वेळ आहे, घरात मायलेकी दोघीच आहेत आणि दाराला आतून कडी आहे. पूर्वी या घराचं दार दिवसा कधी लागत नसे.

जिंतूरच्या एका सुतारानं आंब्याचं खोड कोरून मला घडवलं. बायनाबाईनं मला बाजारात उलटी करून बोटानं वाजवून पाहिलं आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. लेक म्हणजे अपेक्षा. तिच्यासंगं मी चारठाण्याला आले. सासरी स्टीलच्या पराती पुष्कळ होत्या, पण भाकरीचं पीठ ती मळायची ते माझ्यातच. "परातीत पीठ पळतंय, काठवटीत बसतंय," असं ती म्हणायची.

एवढ्या वर्षांत माणसांची एक रीत माझ्या ध्यानात आली. भाकर करपली की घरातलं लहानथोर बोलतं. चांगली झाली की मुकाट खातात आणि हात धुऊन उठतात. अपेक्षाची शाळा सातवीत सुटली. तेव्हापासून तिला कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण पीठ मळताना माणसाच्या हातातून सगळं कळतं.

शेजारची मंजुषा कॉलेजला जाते. एके दिवशी ती चुलीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमची भाकर चांदावानी गोल होती. रील टाका की."

"भाकरीचं काय बघायचं माय? घरोघर थापतेत."

"पुण्या-मुंबईला कोण थापायलंय?"

सासूबाई, म्हणजे सरजाबाई, उंबऱ्यात शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "करायचं तं कर. पण तोंड दिसू नाही आन् लेकरू दिसू नाही. नजर लय वाईट असती."

ते सांगायची गरजच नव्हती. अपेक्षा त्यांच्याहून भित्री. तिची ईश्वरी तीन वर्षांची. तिला साधी शिंक आली तरी ही मीठ-मोहऱ्या ओवाळणार. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला की ती आधी सगळीकडं बघायची. लेकराची चप्पल दिसते का? भिंतीवर सावली पडते का? पाण्याच्या तांब्यावर सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं, तर तांब्याची ती बाजूसुद्धा भिंतीकडं फिरवून ठेवायची. मग नुसते दोन हात, तवा आणि मी.

पहिले काही दिवस आम्हाला फक्त मंजुषाच बघायची. तिचे सल्ले सुरू असायचे. "वहिनी, आधीच भाकर फुगलेली दाखवा, मळणं मागून. न्हाईतर माणूस अंगठ्यानं ढकलून देतंय." "गाणं लावू नका, थापायचा आवाजच ठिवा." "खंड पडू देऊ नका." अपेक्षा ऐकत गेली. थाप, थाप, थाप. माझ्या पोटातून निघालेला तो आवाज कुठल्या कुठं जायला लागला.

मग कोणीतरी लिहिलं, 'ताई, हाताला चव दिसते तुमच्या.' अपेक्षाला जोडाक्षरं जरा अडतात. तिनं ते ओठ हलवत वाचलं, परत वाचलं. सुरतेहून एका बाईनं लिहिलं की हा आवाज ऐकून मला माझ्या आईचं घर आठवलं. त्या दिवशीचं पीठ असं मऊ मळलं गेलं की मलाच गुदगुल्या झाल्या. बालाजीराव, म्हणजे तिचे मालक, दिवसभर पिकअप घेऊन सोयाबीन वाहतात. रात्री जेवताना ते हसून म्हणाले, "आता आमाला भाकर मिळंल का नंबर लावावा लागंल?"

बघणारे वाढले तसं एक मागणं यायला लागलं. ताई, नाव घ्या ना. तोंड नका दाखवू, पण नाव तरी घ्या.

अपेक्षा लाजली. सासूबाईंनीच तिला नाव घ्यायला लावलं. "इचारल्यावर न्हाई म्हनू नाही. सवाष्णीनं नाव टाळू नाही. घे, त्यात काय लागतंय?"

आणि अपेक्षानं तव्यावर भाकर टाकता टाकता नाव घेतलं. लग्नात तिनं स्वतः जुळवलेलंच ते:

"चारठाण्याच्या देवळामागं लिंबाचा पार,
बालाजीरावांचं नाव घेते, तिथंच आमचं दार."

तांब्यावरचं नाव लपवणाऱ्या या बाईनं दोन ओळींत गाव सांगितलं, खूण सांगितली, नवरा सांगितला. पण तिला ते सांगणं वाटलंच नाही. सासूला वाटलं नाही, मंजुषालाही नाही. मला तरी कुठं वाटलं? आपल्याकडं नाव सांगत नाहीत, नाव घेतात. हळदी-कुंकवाला घेतलेलं नाव त्या खोलीतल्या बायकांत राहतं, वाण घेऊन घरी जातं. या मोबाईलच्या खोलीला भिंतच नाही, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ते नाव पळालं. एवढं पळालं की मंजुषा अंगणातूनच ओरडत आली, "वहिनी, लाखाच्या वर गेलं!" अपेक्षा हसली, पण पिठातले हात थांबले. एवढी माणसं. त्यांच्यात कोण कोण असेल?

दुसऱ्या दिवशी ती वाचायला बसली. वाह ताई, छान ताई. आणि मधेच एक, 'चारठाण्याचं देऊळ पाहिलेलं आहे. लिंब पण सापडेल.' तिच्या ओठांची हालचाल बंद झाली. ती उठली आणि अंगणात खेळणाऱ्या ईश्वरीला उचलून आत घेऊन आली.

मंजुषाला दाखवलं तर ती म्हणाली, "असं लिहितेत लोक. गंमत असती."

गंमत चार दिवसांनी दारात आली.

सरजाबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. अपेक्षा आत पीठ मळत होती, ईश्वरी दाराबाहेर ओट्यावर खेळत होती. बाहेर मोटारसायकल थांबली. मग एका माणसाचा आवाज ऐकू आला, गोड, सावकाश.

"बाळा, बिस्कीट घे. भाकरीवाल्या ताई इथंच ऱ्हातेत का?"

"मायी आई हाय ती."

"हो का? आईचं नाव काय गं?"

"अपेक्षा."

"आन् पप्पा कधी येतेत?"

"राती."

माझ्यातला तो पिठाचा गोळा तसाच राहिला. अपेक्षानं मला दोन्ही हातांनी उचललं, कशाला ते तिलाही ठाऊक नसावं, आणि ती दाराकडं धावली. माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट. एका हातात बिस्किटाचा पुडा. दुसऱ्या हातात मोबाईल, आणि तो ईश्वरीच्या तोंडासमोर धरलेला.

अपेक्षानं मला मधे आडवं केलं. गोळा उंबऱ्यावर पडला. माझं बूड मोबाईलकडं, माझं पोट लेकराच्या तोंडाकडं. ईश्वरीचा गरम श्वास माझ्या लाकडाला लागत होता. मला आडवं घालताना माझा काठ दाराच्या चौकटीवर जोरात आपटला होता.

"मोबाईल खाली घ्या," ती म्हणाली.

"ताई, घाबरता कामून? मी तुमचा फॉलोवर हाय. येलदरीला धरण बघाया आल्तो, म्हटलं भेटून जावं. नवीन लोकायला असंच रीलमधी दाखवून मोठं करावं लागतंय."

"आमाला न्हाई मोठं व्हायचं. जा तुमी."

"लिंब तं लगेच सापडला बगा," तो हसत म्हणाला. "साधं पाणी बी इचारलं न्हाई तुमी. आमच्यामुळंच तं चाललंय तुमचं."

तो गेला. जाताना पुडा ओट्यावर ठेवून गेला. अपेक्षानं तो उकिरड्यावर टाकला, परत आली आणि कडी लावली. मग खाली बसली. मी मांडीवरच होते. काठावर चौकटीचा मार लागून चीर गेली होती.

तो माणूस वाईट होता का? मला माहीत नाही. कदाचित खरंच भाकरीचा भुकेला असेल. भीती ही अशीच असते बघा. वाईट काही घडलेलं नसतं, आणि तरी पुढं झोप येत नाही.

संध्याकाळी सरजाबाईंनी सगळं ऐकलं. पदरातला कापूस त्यांनी तसाच धरून ठेवला होता. "नाव घ्यायला मीच लावलं," एवढंच म्हणाल्या, आणि जेवल्या नाहीत. बालाजीराव लिंबाखाली बराच वेळ उभे होते.

त्या रात्रीच अपेक्षानं नाव घेतलेली रील काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मंजुषानं खाली बघत सांगितलं, "तुमच्याकडची गेली वहिनी. पण लोकायनं कापून आपापल्या पानावर लावलीय. आन् त्या माणसानं दारात काढलेलं बी टाकलंय. त्यात नुसती काठवट दिसती आन् खाली लेकराचे पाय."

म्हणजे आता मी त्याच्याही पानावर आहे. माझं बूड आणि ईश्वरीचे पाय. कोण बघतं, किती जण बघतात, कळायला मार्ग नाही.

अपेक्षानं त्यानंतर एकही रील टाकली नाही. कधी दुपारी मोबाईल उघडते. 'ताई कुठं गेलात' असं सुरतेच्या बाईनं विचारलंय. ते ती ओठ हलवत वाचते, उत्तर लिहायला घेते, पुसते. गल्लीत गाडी वाजली की तिचे हात माझ्यात थिजतात. चिरेतून पीठ गळतं, तरी ती मला टाकत नाही.

आणि रोज दुपारी, कडी लावून, लेकराची शिकवणी चालते.

"कोणी इचारलं, आईचं नाव काय?"

"अपेक्षा."

"न्हाई बाळा. म्हाईत न्हाई म्हनायचं. पप्पाचं?"

"म्हाईत न्हाई."

"घर कुठं?"

"म्हाईत न्हाई."

वाचणाऱ्यांनो, माझी एवढीच विनवणी आहे. जी बाई तुम्हाला नुसते हात दाखवते, तिचे हातच बघा. चांगलं म्हणा, पुढं जा. तिचं दार शोधू नका.

आज अपेक्षानं पीठ मळता मळता लेकीला सहज, लाडानं विचारलं, "ईशू, मी कोण गं तुझी?"

ईश्वरीनं आधी दाराकडं पाहिलं. मग आईकडं. आणि शिकवल्याबरहुकूम, घाबरून, म्हणाली,

"म्हाईत न्हाई."