बिजागरी नसलेलं कॅबिनेट

घनसावंगीच्या आमच्या शाळेतला एकुलता एक संगणक रोज बारा मिनिटं चालायचा आणि तेराव्या मिनिटाला आपोआप बंद पडायचा. मार्च २००१चं ऊन बाहेर होतंच, खोक्याच्या आत त्याहून जास्त. वायरींच्या गुंत्यामागं पंखा असा दडपून बसवलेला, की तो फिरायचा फक्त स्वतःच्या समाधानासाठी.

संगणक शिकवणारे वसंता सर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. वीस एप्रिलला मुलांची परीक्षा, एकेकाचा पेपर अर्ध्या तासाचा. परीक्षा झाली नाही तर विषय बंद आणि सर घरी, असं त्यांना कळवलेलं. खोकं उघडून वायरी बाजूला बांधायचं काम पाच मिनिटांचं. पण खोक्यावर तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाचं सील होतं, आणि मुख्याध्यापक रामरावांची सीलावर फार श्रद्धा.

सरांनी अर्ज केला: 'संगणकाच्या कॅबिनेटची अंतर्गत रचना सदोष असून आत हवा खेळत नाही. तपासणी व्हावी.' संगणकाच्या खोक्याला कॅबिनेटच म्हणतात, तेव्हा सरांची चूक नाही. कार्यालयात कॅबिनेट म्हणजे कपाट, तेव्हा कार्यालयाचीही नाही. अर्ज फर्निचरच्या टेबलावर गेला आणि पंधरा दिवसांनी टेप आणि छापील फॉर्म घेऊन सर्जेराव जीपमधून उतरले. त्यांनी गुडघ्याएवढं कॅबिनेट पाहिलं आणि हे बालवाडीचं आहे काय, असं विचारलं.

सरांनी अर्धा तास उष्णतेबद्दल समजावलं. सर्जेरावांनी मन लावून ऐकलं.

“तुमचं बराबर हे, सर. पण मी कॅबिनेट तपासाया आल्तो, आन् हे कॅबिनेटच हे. फॉर्म भरून राह्यलो, मधी बोलू नका.”

उंची सोळा इंच. कप्पे चार, पैकी तीन रिकामे. कुलूप आहे, किल्ली गहाळ. वाळवी नाही. जागा भरपूर शिल्लक, रजिस्टरे ठेवण्यास योग्य. सर खांद्यावरून वाचत होते. 'समाधानकारक' असा शेरा एकदा पडला, की तो पुसायला दुसरा फॉर्म नसतो.

शेवटचा रकाना दाराचा होता. सर्जेरावांनी स्वतःच्या हातानं सील फोडलं, सरांनी स्क्रू काढले, आणि बाजूचा पत्रा सगळाच्या सगळा सर्जेरावांच्या हातात आला.

“बिजागरी कुठंय?”

वर्षभरात पहिल्यांदाच सरांना कार्यालयाची भाषा सुचली. “न्हाई, साहेब. एकही न्हाई.”

“मंग दार उघडतं कसं?”

“उघडत न्हाई. निखळतं.”

सर्जेराव हळहळले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं दार त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'अंतर्गत रचना सदोष. कॅबिनेट बदलून द्यावे.' आणि सरांनी वायरीला हात लावायच्या आत पत्रा बसवून त्यावर नवं सील ठोकलं, तारखेसह.

अठरा एप्रिलला टेम्पो आला. त्यात साडेसहा फुटी लोखंडी कपाट, बिजागऱ्या सहा, किल्ल्या दोन. सोबत पत्र: 'जुने कॅबिनेट आतील साहित्य काढून, रिकामे करून याच टेम्पोतून परत पाठवावे.'

रामरावांनी पत्र दोनदा वाचलं. “लेखी आहे, सर. रिकामं करा.”

त्यावर सर हसले की रडले, हे शिपाई सगुणाबाईंना आजही नक्की सांगता येत नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सरांनी खोक्याच्या पोटातलं सगळं काढलं, रिकामं खोकं गेलं, आणि संगणक कपाटाच्या मधल्या कप्प्यात लिहायच्या दोन लाकडी पॅडांवर उघडाबोडका पसरला. चालू करायचं बटणही खोक्याबरोबर गेलं होतं, म्हणून पेचकसाचं टोक आतल्या दोन पिनांना टेकवावं लागे.

वीस तारखेला तो सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एकदाही बंद पडला नाही. एवढ्या मोठ्या कपाटात हवा खेळणार नाही तर काय. विषय राहिला, सरही राहिले.

जूनमध्ये सर्जेराव फेरतपासणीला आले. त्यांनी दोन्ही दारं तीनतीनदा उघडून मिटून पाहिली, बिजागऱ्यांना कान लावला आणि खूश होऊन लिहिलं, 'अंतर्गत रचना उत्तम.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'मधल्या कप्प्यात भंगार आढळले. तत्काळ काढून टाकावे.'

सर रामरावांकडे धावले. रामरावांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला.

“लेखी आहे, सर.”