शेवटच्या रांगेतली घाण

मित्रांनो, मी चर्चच्या शेवटच्या रांगेतला एक जुना बाक आहे. माझे वय मला सांगता येणार नाही. पण ज्यांचे दुधाचे दात माझ्यावर पडले, ते आता कवळी लावतात. मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या पाठीचा कल ठरवायला आपल्या सासूलाच बसवले होते. "सासूबाई कुरकुरल्या नाहीत, म्हणजे आता कोणीच कुरकुरणार नाही," असे म्हणत त्याने शेवटचा खिळा ठोकला.

माझे कौतुकही पुष्कळ झाले. रडकी बाळे घेतलेल्या आया, दम लागलेले म्हातारे, उशिरा येऊन मान खाली घालून बसणारे, सगळ्यांना मीच लागे.

पुढे चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुलांनी माझा ताबा घेतला आणि माझे शिसारीचे दिवस सुरू झाले. चघळलेले च्युइंगम माझ्या पोटाला चिकटू लागले. नाकातले काय काय माझ्या कडांना पुसले गेले. कर्कटकाने माझ्या अंगावर कोरलेले शब्द तर मी उच्चारणारही नाही. पण ही घाण निदान खरवडून निघणारी होती.

या चौघांच्या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणत. तो स्वतः कधी काही करत नसे. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि आपण फोनवर चित्रीकरण करायचे, हा त्याचा खाक्या. दोघे त्याच्या प्रत्येक वाक्याला हसत. चौथा होता काडी. अंगाने किडकिडीत म्हणून हे नाव. त्याचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. आई शिवणकाम करायची आणि उपासनेच्या वेळी गायनवृंदात, म्हणजे आम्हा बाकांकडे तोंड करून, उभी राहायची. शाळेत वर्षभर काडीने डबा एकट्याने खाल्ला होता. या तिघांनी त्याला जवळ केले, तेव्हा त्याला आभाळ ठेंगणे झाले होते.

चर्चची घंटा वाजवणाऱ्या आणि आम्हाला रोज पुसणाऱ्या म्हाताऱ्याला मुले घंटामामा म्हणत. मामांचे हात सारखे थरथरत. उस्ताद त्यांच्या पाठीमागे हात थरथरवून नक्कल करी, आणि इतर तिघे खिदळत.

एका रविवारी उपासना संपली. मोठी माणसे बाहेर अंगणात बोलत उभी होती. मामा आपली पाण्याची बाटली माझ्यावर ठेवून पुढचा भाग झाडायला गेले. उस्तादने बाटलीचे झाकण उघडले.

"काडी, थुंक यात."

"नको रे. म्हातारा माणूस आहे."

"झालं! आईच्या पदराखाली जा मग. उद्यापासून डबा पुन्हा एकटाच खा."

काडीने आधी ते हसण्यावारी नेले. मग दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. उस्तादने फोन वर धरला. काडी वाकला, थुंकला आणि त्याने झाकण घट्ट लावले.

मामा आले. दोन्ही हातांनी बाटली धरून घटाघटा प्यायले. थोडे पाणी हनुवटीवरून ओघळले. मुले हसताना पाहून तेही हसले. मित्रांनो, मला वाळवी लागली असती तरी चालले असते, पण ही चार मुले अंगावर नको होती.

ते चित्रीकरण वर्गभर फिरले. दोन दिवस काडी हीरो झाला. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा विधी. प्याला हातोहात सरकत काडीपर्यंत आला. त्याने तो ओठांजवळ नेला, त्याला उबळ आली आणि न पिताच त्याने तो पुढे दिला. समोर गाताना त्याच्या आईची एक ओळ सुटली.

उपासनेनंतर उस्ताद आणि त्याचे दोघे निघून गेले. आई येऊन काडीशेजारी बसली. वडीलही आले.

"प्याला का घेतला नाहीस?" आईने विचारले. "मी ओरडणार नाही, बाळा. पण तू बोलल्याशिवाय इथून उठणारही नाही."

तोंडावर हात धरून, हुंदके देत त्याने सगळे सांगितले. वडील ताडकन उठले. "आजपासून फोन बंद! मित्र बंद! घराबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

"आणि शाळा? तीही बंद?" आई म्हणाली. "हा वर्षभर एकटा डबा खात होता, ते आपल्याला आज कळतंय."

वडील मटकन बसले. माझा सांधा करकरला. मग ते म्हणाले, "चल, मामांकडे जाऊ. मी शेजारी उभा राहतो, पण बोलायचं तू."

मामा पुढचा बाक पुसत होते. काडीने सगळे सांगितले आणि माफी मागितली. मामांनी फडके खाली ठेवले आणि ते बाहेर नळावर गेले. खूप वेळ चूळ भरल्याचा आवाज येत राहिला. ते परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही हसत होता. मला वाटलं, पोरं मजेत आहेत. म्हणून मीही हसलो," ते म्हणाले. "माफी मागितलीस, मी ऐकली. पण आज मला तुझी किळस येते आहे, पोरा. थोडे दिवस जाऊ दे."

आईने मध्ये तोंड घातले नाही. ते काडीने ऐकायलाच हवे होते.

मग आईवडील पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, घेऊन तिघांच्या घरी गेले. दोन घरे शरमली. उस्तादचे वडील मात्र म्हणाले, "पोरं आहेत, मस्करी करणारच." हे कळले तेव्हा मला थुंकीपेक्षा त्या वाक्याची जास्त ओकारी आली.

वडिलांनी काडीला सांगितले, "कोणी नको ते करायला लावलं, की मला फोन कर आणि 'पप्पा, पोट दुखतंय' एवढंच म्हण. मी हातातलं काम टाकून येईन. मित्रांना सांग, बाप खवीस आहे. बिनधास्त माझ्या नावावर खापर फोड." तसा फोन तीनदा आला. तिन्ही वेळा ते कमरेला हत्यारांचा पट्टा तसाच ठेवून धावत आले, आणि वाटेत त्यांनी एकही उपदेश केला नाही. आई दर रविवारी काडीच्या वर्गातल्या कोणाला तरी जेवायला बोलावू लागली.

एकदा माझ्यासमोरच उस्तादने एका लहान मुलीला अडगळीच्या खोलीत कोंडायची टूम काढली. या वेळी काडीने फोन काढला नाही. "नाही. हे घाणेरडं आहे," तो म्हणाला आणि उठला. दोघांपैकी एकजण त्याच्या मागोमाग गेला, आणि ती टूम तिथेच बारगळली.

मामांना वेळ लागला. कित्येक आठवडे ते काडीशी बोलले नाहीत. मग एका दुपारी मला उन्हात न्यायचे होते. "ए पोरा, ते टोक धर," त्यांनी हाक मारली. काडी पळत आला. दोघांनी मला उचलले.

मित्रांनो, घरातल्या माणसांशी बोला. आणि घरातल्या मोठ्यांनो, मूल गप्प झाले तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्या रविवारी बाटलीचे झाकण उघडले, तेव्हा मी ओरडलो नाही, कारण मी लाकूड आहे. बाजूला बसलेले उस्तादचे ते दोघेही ओरडले नाहीत. ते तर लाकूड नव्हते.