भरदिवसा ओढलेला पडदा

माझा जावई डुर्क दुसऱ्याच्या घरात न विचारता हात घालतो, ही त्याची जुनी खोड. मी हेरिंग मासे आणायला बाजारात गेले आणि परत येते तर काय, माझ्या पुढच्या खोलीचा पडदा भरदुपारी ओढलेला! आमच्या हार्लिंगेन बंदरातल्या गल्लीत दिवसा पडदा ओढतात तो घरात मयत झाल्यावर. माझा नवरा गोस्से गेला तेव्हा मी ओढला होता. त्यानंतर नाही.

"हे काय मांडलंयस रे?"

"शेवाळाला उपाशी मारतोय, आई. दोन-तीन दिवस अंधार हवा."

खिडकीत गोस्सेची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. त्यातलं प्रवाळ त्यानं बोटभर तुकड्यापासून कोबीच्या गड्ड्याएवढं वाढवलं. ते मेलं तर त्याच्या हातचं जिवंत असं या घरात काहीच उरणार नाही. आणि या वसंतात त्यावर हिरव्या केसांसारखं शेवाळ चढलं. डुर्कनं ब्रशनं घासलं, गोगलगायी सोडल्या, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. सकाळी बघावं तर पुन्हा हिरवंच.

"समोरचं झाड तोडल्यापासून ऊन सरळ टाकीत येतं," तो म्हणाला, "आणि तुम्ही पडदा लावू देत नाही."

"लावू कशाला? माझ्याकडे लपवायला आहे काय? टाकीवर चादर टाकायचीस!"

"ती तुम्ही ओढून काढली असतीत."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची शौकिया, हातात केक, डोळे ओले. "कोण गं गेलं?"

"अजून कोणी नाही. केक ठेव."

मग मला बसवेना. कॉफी ओतावी, तशीच गार होऊ द्यावी. टाकीच्या पंपाची घरघर ऐकत राहावं, ती बदलली की उठावं. पडद्याचं टोक उचललं की मागून डुर्क, "आई, बोटभरही उजेड नको." बाहेर पावलं थबकायची. कोण कमी झालं म्हणून गल्ली माझ्या घरातली माणसं मोजत होती.

शेवटी तिसऱ्या दिवशी त्यानं पडदा बाजूला सारला. शेवाळ राखेसारखं झालं होतं, बोटांनी ओढलं की निघत होतं. खालचं प्रवाळ एका बाजूनं पांढरं पडलेलं. दुसऱ्या बाजूची बारीक तोंडं मात्र हळूहळू उघडली. सगळं वाचेल का, कोण जाणे. आणि ऊन पुन्हा काचेवर आलंच. डुर्कचा हात पडद्याकडे गेला आणि थांबला. पहिल्यांदाच तो विचारल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

"डुर्क," मी म्हटलं, "तू आगाऊ आहेस, आणि या वेळी तुझं बरोबर आहे. दोन्ही गोष्टी मी गल्लीभर सांगणार. उद्या चार माणसं आण आणि टाकी मागच्या भिंतीला ने. पण पडद्याला हात लावू नकोस. माझी खिडकी उघडीच राहील."