पालखी अडली त्या दिवशी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना ढोल आहे आणि मला हळू बोलता येत नाही. अंग आंब्याच्या लाकडाचं, तोंडाला बकऱ्याचं कातडं. कर्जतच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. वर डोंगरात ठाकर आदिवासींची वाडी. तिथल्या शुक्राच्या बापानं मला घडवलं.

चैत्रात देवीची पालखी निघते. माझा पहिला ठोका पडला की पालखी उचलायची, आणि ती देवळात परत येईपर्यंत ढोल थांबवायचा नाही, अशी रीत. शुक्रा मला जाळावर शेकतो, टिचकी मारून बघतो, मग गळ्यात घेतो. लोक म्हणतात, "वा रं शुक्रा! ढोल बोलतोय!" मी फुगून जातो. एकदा पालखी झाली की मी वर्षभर देवळाच्या माळ्यावर, उंदरांच्या तावडीत. शुक्राचीही मग कुणाला आठवण नसते. ढोल वाजवायचा वाडीनं आणि पालखीला खांदा द्यायचा गावानं, हे ठरलेलं.

यंदा शुक्रानं मला शेकलं, गळ्यात घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"वाजव ना रं!" नीलेश म्हणाला. पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान त्याच्या घराचा.

"वाजवतो. पन यंदा खांदाबी देनार."

"तुला ढोलाचा मान हाय. तो काय कमी हाय का?"

"येवढा मोठा हाय, तर तू घे की."

बापरे! मग कुणीतरी ओरडलं, "काढून घ्या रं ढोल!" दोघंतिघं अंगावर आले. शुक्रानं मला घट्ट धरलं. त्याची छाती माझ्या लाकडाला लागून धडधडत होती.

"माजा बाप हितं वाजवत म्हातारा झाला," तो म्हणाला. "देवी माजीपन हाय का नाय, येवढंच सांगा."

जाळ विझला, माझं कातडं ढिलं पडू लागलं. मी घाबरलो होतो. हा मला खाली ठेवून निघून गेला, तर पुन्हा कधी यायचा नाही.

नीलेशचं डोकं फिरलं. "आन इकडं!" म्हणत त्यानं मला हिसकावलं, स्वतःच्या गळ्यात अडकवलं आणि दिला एक दणका. फद्! असला घाणेरडा आवाज मी जन्मात काढला नव्हता.

गावातली सगळ्यात म्हातारी मोतीबाई काठी आपटत पुढे आली. "ठोका पडला! उचला पालखी!"

"अगं आजी, पन माजा खांदा..." नीलेश गडबडला.

"तुज्या गळ्यात ढोल हाय. थांबलास तर बघ! शुक्रा, तू बघत काय ऱ्हायलास? त्याची जागा रिकामी हाय."

शुक्रानं डोळे पुसले आणि पुढच्या दांड्याला खांदा लावला. त्याला कुणी अडवलं नाही. पालखी उठली.

नीलेश घामाघूम होऊन मला बडवत होता. दांड्याखालून शुक्रा ओरडला, "अरं हळू, हळू! कातडं फाडशील बापाच्या ढोलाचं!" सगळे हसले, नीलेशसुद्धा.

मित्रांनो, इतका बेसूर मी कधीच वाजलो नव्हतो, आणि इतका खूशही कधी झालो नव्हतो. तुमच्याही गावात असा एखादा ढोल असेल. त्याला माळ्यावर कुजवू नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि तो जो वाजवतो, त्याला एकदा तरी विचारा, "खांदा देतोस का रं?"