आण घेतलेली कढई

मी हळद शिजवायची कढई बोलतेय. कुरुंद्याजवळच्या एका तांड्यावर मी असते आणि इथले सगळे मला भितात. खरं सांगते, भिण्यासारखं माझ्यात काही नाही.

वसमतच्या एका शेडात माझा जन्म झाला. २००२ सालची जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आली होती. हरीशराव नावाच्या उमेदवाराला तांड्यातांड्यांवर वाटायला कढया हव्या होत्या, त्याही तातडीने. मग काय, पातळ पत्रा वापरला, कड्यांना कसंबसं वेल्डिंग मारलं. पावती केलीच नाही. हरीशरावांनी सरकारला दाखवलेल्या खर्चात चहा होता, पत्रकं होती, जीपचं डिझेल होतं. मी कुठेच नव्हते.

तांड्यावर मला हार घातला, पोटात मूठभर हळद टाकली. तांड्याचा प्रमुख असलेल्या थावरा नायकाने आधी हात लावला. मग घराघरातल्या माणसांनी हात लावून बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांची आण घेतली, की मत हरीशरावांनाच.

त्यांच्यातल्या मिराबाईनेही हात लावला. समोरच्या उमेदवार शिवकन्याबाईंनी आदल्या उन्हाळ्यात तांड्यावर हातपंप बसवून दिला होता, आणि मिराबाईची कोसभराची पायपीट थांबली होती. ते उपकार ती कशी विसरणार? तिने गुपचूप शिवकन्याबाईंना मत दिलं. हरीशराव पडले.

पुढच्याच महिन्यात मिराबाईची हळद शिजत होती. ती काढायला चौघांनी मला उचललं आणि माझी एक कडी निखळली. उकळतं पाणी तिच्या लेकीवर, दीपावर सांडलं. पाच वर्षांचं लेकरू! हिंगोलीच्या दवाखान्यातून ते परत आलं नाही.

दीपाचा बाप सुदाम पेटून उठला. "ज्यानं कढई देली त्यालाच विचारतो."

थावरा नायक म्हणाला, "काय दाखवशील सुदाम? पावती न्हाई, कागद न्हाई. ते म्हणतील, आमी कढई देलीच न्हाई."

"त्याहीला काहून विचारता?" मिराबाई भिंतीशी बसून बोलली. "मी आण मोडली. महाराजांनी माझं लेकरू नेलं."

अगं बाई, महाराजांचा काय दोष? वेल्डिंग कच्चं होतं! मला ओरडावंसं वाटलं, पण माझं कोण ऐकणार? तुमच्यापैकी कोणी इकडे आलात तर तेवढं तिला सांगा.

२००७ साली हरीशराव पुन्हा उभे राहिले. या खेपेला त्यांनी काही वाटलं नाही. मलाच मधे ठेवून आण घ्यायला लावली. सुंठीवाचून खोकला गेला, आणि खर्चही अगदी नियमात बसला.

मत देऊन मिराबाई धाकट्या दीपकला घेऊन तडक माझ्याकडे आली. माझ्या काठावर तिने कपाळ टेकवलं.

"बराबर त्याहीलाच देलं मत," ती मला म्हणाली. "आता ह्या लेकराला नको नेऊ."