निरोगी गाव

सरकारी साहेब दवाखाना बघायला येणार म्हणून गावाने सकाळपासून नुसती धांदल उडवून दिली होती. बायकांनी फरशी घासली, खिडक्या पुसल्या आणि लोहाराने भिंतीतली लोखंडी फळी तेल लावून चकचकीत केली. त्या फळीवर वाफ घ्यायचं मशीन होतं. लोहाराच्या बायकोला दमा. धाप लागली की त्या मशीनशिवाय तिचा निभाव लागत नसे. ते कुणी लांबवू नये म्हणून लोहाराने स्वतःच पट्ट्या घालून, बोल्ट आवळून ते भिंतीला जखडून ठेवलं होतं.

एवढी टापटीप झाली आणि बाकांवर बघावं तर नेहमीचं खोकणारं, कण्हणारं गाव येऊन बसलेलं. लोहाराचं डोकंच फिरलं. त्याने झाडून सगळ्यांना उठवलं, बैलगाडीत घातलं आणि पार खळ्यावर नेऊन सोडलं. नर्सबाई मधे पडल्या. साहेबांना पेशंट दिसू देत, असं त्या परत परत सांगत राहिल्या.

"बाई, तुम्ही गावात नव्या आहात," लोहार म्हणाला. "पाहुणा आल्यावर घरातली दुखणी कुणी अंगणात मांडून बसतं का?"

गावाने माना डोलावल्या. एकट्या बाईने सगळ्या गावाशी किती भांडायचं? बायकोला त्याने मागच्या पडवीत बसवलं आणि साहेब जाईपर्यंत खोकू नकोस म्हणून बजावलं. बिचारीने पदराचा बोळा तोंडात धरला. अब्रूचं वेड लागलं की माणूस घरच्या माणसाचा श्वाससुद्धा कोंडतो.

साहेबांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि पेशंट कुठे आहेत म्हणून विचारलं. नर्सबाई तोंड उघडणार तोच लोहार छाती काढून पुढे झाला.

"आमच्या गावात कुणी आजारी पडत नाही, साहेब."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. ती थाप तो कितीतरी दिवस पारावर मिरवत होता.

पावसाळा सरला आणि एक जीप दवाखान्याशी येऊन थांबली. सरकारकडे पैसा अपुरा, सगळे दवाखाने चालवणं परवडत नाही, तेव्हा जिथे पेशंट नाहीत तिथलं सगळं उचलायचं, असा हुकूम होता. मशीन जाणार, नर्सबाईही जाणार. लोहार ड्रायव्हरच्या पाया पडला, गावातली दुखणी एकेक करून सांगू लागला. ड्रायव्हर माणूस वाईट नव्हता, पण साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर तो तरी काय करणार? नर्सबाई पेटी भरत होत्या. त्यांनी शब्दानेही टोचलं नाही, आणि तेच लोहाराला जास्त लागलं.

बोल्ट काही ड्रायव्हरला दाद देईनात. त्याने घण मागितला. घण घातला असता तर मशीनचा चुरा झाला असता आणि ते कुणाच्याच कामाचं राहिलं नसतं. लोहार उठला, घरून आपला पाना घेऊन आला आणि स्वतःच आवळलेले बोल्ट स्वतःच सोडवू लागला.

दवाखान्याच्या दारात त्याची बायको बसली होती. तिला उबळ आली ती थांबेचना. ड्रायव्हरने वळून बघितलं.

"या बाईंना फार त्रास होतोय का हो?"

लोहाराने मशीन उचलून त्याच्या हातात दिलं.

"छे," तो स्वतःवरच कडवट हसून म्हणाला. "आमच्या गावात कुणी आजारी पडत नाही."